दुसऱ्याच्या ओट्यावरचं बेकन



आजचा विषय ऐकून काही जणी हसतील आणि काही जणी नाक मुरडतील. विषय आहे डुकराचं मांस, तेही बर्फात गोठवलेलं, आणि ते भाजायचं यंत्र, एअर फ्रायर. आपल्यापैकी बहुतेकींच्या घरात यातलं काहीच नाही. मग ऐकायचं कशाला? तर आपल्यातल्या कितीतरी जणी सकाळच्या अंधारात आसनगाव, वाशिंद, खडवली, टिटवाळ्याहून लोकल धरतात. मुरबाडकडच्या एसटीने कल्याण गाठतात. मग डोंबिवलीत, पलावात, ठाण्याला घोडबंदर रोडवर लोकांच्या घरी स्वयंपाकाला जातात. त्या घरांत ही दोन्ही येऊन बसली आहेत, आणि ती हाताळायची वेळ आपल्यावरच येते.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका मैत्रिणीवर ती आली. काम नवीन होतं, जेमतेम आठवडा झालेला. घरच्या ताई लॅपटॉपवर मीटिंगमध्ये. त्यांनी आतूनच सांगितलं, "मावशी, फ्रीजरमध्ये बेकनचं पाकीट आहे. एअर फ्रायरला लावा, दोनशेवर दहा मिनिटं." हिने पाकीट फोडलं. आत लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा एकसंध दगड. तो तसाच जाळीत ठेवला, दोनशेवर लावला. सात-आठ मिनिटांत स्वयंपाकघरात धूर भरला, छतावरचा धुराचा भोंगा वाजला, खालून वॉचमन वर आला. दगड बाहेरून करपलेला आणि मधे थंडगार कच्चा. गावाकडच्या बायकांच्या हातात यंत्र द्यायलाच नको, असं तिला ऐकून घ्यावं लागलं. ती तशी ऐकणारी नाही, पण काम नवं होतं, म्हणून गप्प बसली.

आता बघा, तिने चूक काय केली? सांगितलं तेच केलं. दोनशेवर दहा मिनिटं. चूक सांगण्यात होती. दोनशे अंश हा आकडा सुट्या, मऊ झालेल्या पट्ट्यांचा असू शकतो. गोठलेल्या दगडाचा तो नाही. पण हे तिला ठाऊक नव्हतं आणि ताईंनाही ठाऊक नव्हतं. म्हणून आम्ही ठरवलं की हे नीट समजून घेऊ. आमच्यातल्या दोघी चार वर्षं अशाच घरांत आहेत. एकीच्या काकूंनी आम्हाला त्यांच्याच ओट्यावर दोन पाकिटं करून बघू दिली. त्यातून जे कळलं आणि विचारून-वाचून जे मिळवलं, ते आज सांगतो.

आधी बेकन म्हणजे काय ते. नाव परकं आहे, पण वस्तू समजायला आपल्याला अजिबात अवघड नाही. सुका बोंबील आठवा. ओल्या बोंबलात पाणीच पाणी असतं, म्हणून तो दिवसभरात खराब होतो. वालंडीवर टांगून उन्हात वाळवला की महिनोन् महिने टिकतो. खारा मासा करताना मीठ चोळतात, तेही यासाठीच: मीठ मांसातलं पाणी ओढून घेतं, आणि पाणी कमी झालं की सडवणारे जंतू वाढत नाहीत. बेकनचंही तेच. डुकराच्या पोटाकडचं चरबीदार मांस घेतात, त्याला मीठ लावतात किंवा मिठाच्या पाण्यात मुरवतात, बरोबर थोडी साखर आणि नायट्राइट नावाचा क्षार असतो. मग बऱ्याचदा लाकडाच्या धुरावर धरतात. थंड करून पातळ पट्ट्या कापतात. खारवलेलं आणि धुरावर धरलेलं, म्हणजे आपल्या सुकटीचं लांबचं भावंडच म्हणा.

त्या नायट्राइटचं एक लक्षात ठेवा. त्याने जंतू आवरले जातात, पण रंगही धरला जातो. म्हणून बेकन शिजल्यावरही लालसरच राहतं. कोंबडीचं मांस लाल दिसलं की आपण कच्चं समजतो, तो नियम इथे चालत नाही. इथे पांढऱ्या भागाकडे बघायचं. चरबी दुधी, अपारदर्शक आणि लिबलिबीत असेल तर अजून व्हायचंय. ती आक्रसून सोनेरी झाली, कडा वळल्या, की झालं.

आणि ही काही आत्ता मॉलमध्ये उगवलेली चीज नाही. ठाण्याच्या, वसईच्या, साष्टीच्या जुन्या गावठाणांतले ईस्ट इंडियन ख्रिस्ती, ज्यांची घरची बोली मराठीच, त्यांच्या लग्नात डुकराच्या मांसाचं सोरपोतेल आणि बाटलीत भरून ठेवलेला मसाला नसेल तर लग्न लागलं असं वाटत नाही. गोव्यात मिरची-व्हिनेगर लावलेली चोरिस आहे. बोरिवलीला तर चक्क सरकारी बेकन कारखाना होता. पंचवार्षिक योजनांच्या काळात सरकारने देशात अलिगढ, हरिणघाटा, गन्नावरम अशा ठिकाणी डुकरं पाळण्याची केंद्रं आणि जोडीला बेकनचे कारखाने काढले, त्यातला महाराष्ट्रातला बोरिवलीचा. पुढे तो मॅफ्को या सरकारी कंपनीकडे होता. म्हणजे आपल्या आज्या-पणज्या भाजी घेऊन लोकलने मुंबईला जात होत्या त्या काळातही इथे बेकन होतं. फक्त ते आपल्या हातून जात नव्हतं.

आता यंत्र. नावात फ्रायर आहे, पण त्यात तळणं काहीच नाही. २०१० साली फिलिप्स कंपनीने बर्लिनच्या प्रदर्शनात ते पहिल्यांदा बाजारात आणलं, आणि आता पन्नास कंपन्या करतात. आत वरच्या बाजूला तापणारी तार असते, तिच्यावर पंखा. पंखा गरम वारा जोराने खाली ढकलतो, तो वारा जाळीतल्या जिनसाभोवती फिरतो आणि पुन्हा वर जातो. निखाऱ्यावर पापड भाजताना आपण सुपाने वारा घालतो ना, तसं बंद पेटीत चाललेलं असतं. जाळीच्या खाली खण असतो, त्यात ठिबकलेलं तेल-चरबी साठते.

एवढं कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. वारा जिथे पोचेल तिथेच भाजलं जाईल. पट्ट्या एकमेकींवर असतील तर मधल्या कच्च्या राहतील. दगड असेल तर बाहेरची चरबी वितळून उकळेल, आत बर्फ तसाच. आणि हलकी वस्तू असेल तर उडेल. जाळीत घालायचा बटर पेपर रिकामाच ठेवून यंत्र तापवलंत तर तो उडून वरच्या तारेला चिकटतो आणि पेटतो. कागद घालायचाच असेल तर त्यावर जिन्नस ठेवून मगच सुरू करायचं. खरं सांगायचं तर बेकनला कागदाची गरज नाही. चरबी खाली गळायला हवी, कागद तीच अडवून धरतो.

आता करायचं कसं. सगळ्यात उत्तम म्हणजे आदल्या संध्याकाळी घरातून निघताना पाकीट फ्रीजरमधून काढून खालच्या फ्रीजमध्ये, तेही खालच्या कप्प्यात ताटलीत ठेवायचं. सकाळपर्यंत पट्ट्या हाताने सुट्या होतात. ओट्यावर उघड्यावर ठेवून वितळवू नका. आपल्याकडचा एप्रिल-मे तुम्हाला माहीत आहे. बाहेरचा भाग तासात कोमट होतो, आतला गोठलेलाच, आणि पाच ते साठ अंशांच्या मधल्या उबेत जंतू सगळ्यात जोरात वाढतात.

काढायचं राहून गेलं तर? आपल्या हातात कुठे असतं, ताईंना सकाळी नऊला आठवतं. मग पाकीट न फोडता भांडंभर थंड पाण्यात बुडवून ठेवायचं. अर्ध्या तासात काम होतं. गरम पाणी घेऊ नका, चरबी विरघळून पाकिटातच चिकट राडा होतो.

आणि अर्धा तासही नसेल तर गोठलेलंच लावता येतं, पण दोन टप्प्यांत. यंत्र १२० ते १५० अंशांवर ठेवा आणि तो ठोकळा चार-पाच मिनिटं आत ठेवा. एवढ्याने पट्ट्या फक्त सैल होतात. जाळी बाहेर काढून चिमट्याने किंवा काट्याने वरच्या वर सोडवा. सुटत नसतील तर ओढून फाडू नका, आणखी दोन मिनिटं द्या. सगळ्या सुट्या झाल्या की जाळीत एकेरी पसरा. कडा थोड्या एकमेकींना लागल्या तरी हरकत नाही, कारण त्या आक्रसणारच आहेत. मग १८० वर आठ ते दहा मिनिटं, मधे एकदा उलटून. पट्टी जाड असेल तर बारा लागतील, अगदी कागदासारखी असेल तर सहा-सातातच होईल. शेवटची दोन मिनिटं यंत्राजवळून हलू नका. सोनेरी ते काळं व्हायला एक मिनिट पुरतं. काढून शोषून घेणाऱ्या कागदावर ठेवा. बाहेर आल्यावर ते आणखी कुरकुरीत होतं, म्हणून आपल्याला हवं त्याच्या एक पायरी आधीच काढायचं. आमचं पहिलं पाकीट इथेच बिघडलं होतं.

मीठ घालू नका. तेल घालू नका. हे सांगावं लागतं, कारण आपला हात आपोआप डब्याकडे जातो. बेकन आधीच खारट असतं आणि त्याची चरबी त्यालाच पुरून उरते. फक्त एक पाहून घ्या. काही पाकिटांवर चिकन बेकन असतं. ते दिसायला तसंच, पण चरबी फार कमी. त्याला १८० वर इतका वेळ दिलात तर वाळलेला चामड्याचा पट्टा हाती येईल. वरून तेलाचं बोट फिरवा आणि दोन मिनिटं आधी काढा.

अजून एक गोष्ट, आणि ही आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते. बेकन शिजल्यावर निम्म्याहून कमी उरतं. शंभर ग्रॅम लावलंत तर बशीत जेमतेम पस्तीस-चाळीस ग्रॅम येतं. पाणी वाफ होऊन जातं, चरबी खाली गळते. आमच्यातल्या एकीला एका घरात विचारलं होतं, "मावशी, पाकीट भरलेलं होतं, एवढंच कसं?" विचारण्याचा सूर तुम्हाला कळला असेलच. ती दोन रात्री झोपली नाही. दुसऱ्यांदा तिने पट्ट्या मोजूनच ताईंसमोर जाळीत ठेवल्या आणि मोजूनच बशीत वाढल्या, खणातली चरबी वाटीत काढून दाखवली. ताईंनाही तेव्हाच कळलं की मांस गेलं कुठे. तुम्हाला कुणी असं विचारलं तर भांडू नका, रडूही नका, वाटी पुढे करा. पट्ट्यांचा आकडा कमी होत नाही, फक्त त्या आखडतात.

आता धूर. धूर जळण्याचाच असतो असं नाही. डुकराची चरबी साधारण १९० अंशांच्या आसपास धूर सोडायला लागते. तुम्ही २०० वर लावलंत की खणात साठलेली चरबी धुमसणारच, मग वरचं बेकन कितीही छान दिसो. म्हणून १८० च्या वर जायचं नाही, कुणी काहीही आकडा सांगू दे. दोन-तीन खेपा करायच्या असतील तर प्रत्येक खेपेनंतर खण रिकामा करा. काही जणी जाळीखाली खणात पावाची एक स्लाइस ठेवतात. ती चरबी पिऊन घेते आणि धूर होत नाही. हे आम्ही करून पाहिलं, चालतं. काही जणी खणात दोन-तीन चमचे पाणी घालतात. यंत्राच्या पुस्तिकेत मनाई नसेल तर तेही चालतं. आणि आदल्या दिवशीचे चिकनचे तुकडे वरच्या तारेला चिकटलेले असतील तर धूर आजच्या बेकनचा नसून कालच्या चिकनचा असतो. नव्या घरात यंत्र पहिल्यांदा वापरताना आत डोकावून बघा, आणि अस्वच्छ असेल तर लावायच्या आधीच ताईंना दाखवा. नंतर सांगितलेलं कुणी मानत नाही.

कधी आत ज्वाळा दिसलीच तर खण उघडायचा नाही. उघडला की तिला वारा मिळतो. आधी भिंतीवरचं बटण बंद करा, प्लग काढा आणि बंद पेटीतच तिला विझू द्या. पाणी मारू नका. एक तर विजेचं यंत्र, त्यात उकळती चरबी. कढईतल्या पेटलेल्या तेलावर पाणी टाकल्यावर काय होतं ते आपल्यातल्या काहींनी पाहिलंय.

यंत्र ठेवायचं कुठे हेही बघा. मागच्या बाजूने गरम हवा बाहेर येते, म्हणून भिंतीपासून वीतभर पुढे. वर प्लॅस्टिकची मांडणी नको, खाली प्लॅस्टिकचा कपडा नको. ओट्यावर जागा नाही म्हणून पुष्कळ घरांत ते गॅसच्या शेगडीवरच ठेवलेलं असतं. ते मुळीच चालवून घेऊ नका. चुकून बर्नरचं बटण फिरलं तर खालून यंत्र वितळेल.

विजेचं थोडं सांगतो, कारण एकीने विचारलंय की हे यंत्र गावी घरी घेतलं तर चालेल का. साधारण यंत्र १४०० ते १५०० वॉटचं असतं. तासभर अखंड चाललं तर दीड युनिट. बेकनची पंधरा मिनिटं धरली तर अर्ध्या युनिटाच्या आतच. म्हणजे बिलाचा बाऊ करायचं कारण नाही. खरा प्रश्न प्लगचा आहे. मोबाइल चार्जरचं छोटं सॉकेट ६ अॅम्पिअरचं असतं आणि २३० व्होल्टला ते १३८० वॉटच पेलतं. १५०० वॉट त्यावर घातले की ते तापतं, पिवळं पडतं, एक दिवस वितळतं. फ्रीज-गिझरला असतं ते मोठं १६ अॅम्पिअरचं सॉकेट लागतं. एक्स्टेंशन बोर्डावर तर कधीच नको, मग घर पलावातलं असो की पाड्यावरचं.

झाल्यावर चरबीचं काय करायचं? बेसिनमध्ये ओतू नका. गरम असताना ती पाण्यासारखी दिसते, पाइपात गेली की मेणासारखी थिजते. बाराव्या मजल्यावरचा पाइप तुंबला की बोलणी आपल्यालाच. वाटीत काढा, थंड होऊ द्या. त्या घरात अंडी परतायला ती वापरत असतील तर झाकून फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर जुन्या कागदात गुंडाळून ओल्या कचऱ्यात टाका. जाळी आणि खण कोमट असतानाच गरम पाणी आणि साबण घालून दहा मिनिटं भिजत ठेवले की मऊ घासणीने निघतात. तारेची घासणी लावू नका, वरचा काळा थर निघतो, तो गेला की पुढच्या वेळी सगळं चिकटतं आणि तेही आपल्या नावावर जमा होतं. तार असलेला वरचा भाग पाण्यात बुडवायचा नाही. प्लग काढून, पूर्ण गार झाल्यावर ओल्या फडक्याने पुसायचा.

आता एक नाजूक गोष्ट. आपल्यातल्या काही जणी डुकराच्या मांसाला हात लावत नाहीत. कुणाचा धर्म आहे, कुणाच्या गळ्यात माळ आहे, कुणाला नुसताच नको वाटतं. हे काम नाकारता येतं. पण ते पहिल्या दिवशी, पगार ठरवतानाच बोलून घ्या: "ताई, मी मटण-चिकन-मासे सगळं करीन, पण डुकराचं मांस करणार नाही." पाकीट हातात आल्यावर, पाहुणे दारात असताना हे सांगणं दोघींनाही जड जातं. आमचा अनुभव असा की आधी सांगितलं तर बहुतेक घरी ऐकतात. आणि पाकीट ओळखायला शिका. मांसाहाराचं चिन्ह तपकिरी असतं, आता त्रिकोण, जुन्या पाकिटांवर गोल ठिपका. पण ते चिकनवरही असतं. डुकराचं असेल तर इंग्रजीत पी, ओ, आर, के ही चार अक्षरं कुठेतरी असतात. ज्यांना इंग्रजी वाचता येत नाही त्यांनी घरच्या शाळेत जाणाऱ्या मुलीकडून ही चार अक्षरं कागदावर मोठी लिहून घ्या आणि पाकिटाशी ताडून बघा. आमच्या गटातल्या दोन मुस्लिम मैत्रिणी हाच कागद पर्समध्ये ठेवतात. ज्या घरात एकच एअर फ्रायर सगळ्याला वापरतात, तिथे चिकन लावतानाही जाळी आधी धुऊन घ्यायची की नाही हे त्यांचं त्यांनी ठरवलंय, आणि ताईंना तसं सांगूनही ठेवलंय.

उरलेलं घरी न्यायचं का, हा दुसरा प्रश्न. ताई प्रेमाने डबा भरून देतात, नाही म्हणवत नाही. शिजलेलं मांस साध्या हवेत दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि उन्हाळ्यात, पारा ३२ च्या वर असताना, तासाभरापेक्षा जास्त नाही. आता हिशेब करा. सकाळी नाश्त्याला केलेलं बेकन टेबलावर दुपारपर्यंत पडलेलं. मग डब्यात. मग डोंबिवलीहून लोकल, आसनगावहून टमटम. घरी पोचेपर्यंत पाच-सहा तास. खारवलेलं आहे म्हणून टिकेल असं समजू नका. सुकटीत पाणी उरलेलंच नसतं, बेकनमध्ये ते बरंच उरतं, म्हणूनच त्याला फ्रीजर लागतो. द्यायचंच असेल तर ताईंना सांगा, झाल्या झाल्या फ्रीजमध्ये ठेवा, निघताना बर्फाच्या पिशवीबरोबर द्या. ते जमत नसेल तर तिथेच खाऊन घ्या. मुलांच्या पोटाशी खेळ नको. अर्धकच्चं तर मुळीच आणू नका. डुकराच्या कच्च्या मांसातून पोटात पट्ट्यासारखा लांब जंत होऊ शकतो. आणि एकदा पूर्ण वितळलेलं, बाहेर राहिलेलं पाकीट परत फ्रीजरमध्ये ठेवायचं नाही. वीज गेली तर फ्रीजर उघडून बघत बसू नका. गच्च भरलेला बंद फ्रीजर दोन दिवस थंडी धरतो, अर्धा भरलेला एक दिवस.

आणि खावं का? ज्यांचं आहे ते खातात, आम्ही कोण सांगणार. आमच्या गटात दोघींना चव फार आवडली, एकीने थुंकून टाकलं. पण एक माहिती असावी. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने बेकन, सॉसेज यांसारख्या प्रक्रिया केलेल्या मांसाने मोठ्या आतड्याचा कर्करोग होऊ शकतो असं ठामपणे सांगितलं. रोज पन्नास ग्रॅम खाल्लं तर तो धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. त्यांनी त्याला तंबाखूच्याच गटात घातलं, म्हणून लोक घाबरले. पण गटाचा अर्थ एवढाच की पुरावा तितकाच पक्का आहे. तंबाखू कितीतरी पट जास्त माणसं मारते, आणि मिसरी लावून बेकनला नावं ठेवणाऱ्या आपल्यातही आहेत. कधीतरी दोन पट्ट्या वेगळ्या, रोजचा नाश्ता वेगळा. मीठही भरपूर असतं, तेव्हा रक्तदाबवाल्यांनी जपून.

शेवटी बचत गटांचा प्रश्न. दोन गटांनी विचारलंय की कर्ज काढून एअर फ्रायर घ्यावा का, सुके बोंबील आणि समोसे त्यात करून विकता येतील. आमचं मत, घेऊ नका. घरगुती यंत्रात एका वेळी पाच-सहा समोसे मावतात, बाजाराच्या गर्दीला ते पुरणार नाही. बोंबील होतात, तेही छान. डोकं काढून, पुसून, तेलाचं बोट लावून १६० वर पाचेक मिनिटं. पण वास यंत्रात तीन दिवस राहतो, तेव्हा ताईंच्या यंत्रात हा प्रयोग विचारल्याशिवाय करू नका. आणि जवळा तर घालूच नका. आम्ही घातला होता. पंख्याने तो सगळा उडवला, वरच्या तारेत अडकला, आणि पुढचा तासभर आम्ही चौघी जणी काडीने एकेक जवळा उकरत बसलो होतो. काकू दारात उभ्या राहून हसत होत्या.

आमची ती मैत्रीण, जिच्यापासून हे सुरू झालं, ती त्याच घरी अजून आहे. तिने फ्रीजच्या दारावर एक कागद चिकटवलाय, मुलीकडून लिहून घेतलेला: आदल्या रात्री खाली काढणे. विसरल्यास १५० वर पाच मिनिटं, मग सुटे करणे. १८० वर आठ, उलटणे धरून. दोनशे नाही. परवा ताईंची आई राहायला आली होती. तिने यंत्र लावताना आधी तो कागद वाचला, म्हणाली, "मावशी, तुमच्या पद्धतीनेच करते हं."